जेथे बाजार भरत असे : हिरोशिमाच्या शांतता उद्यानात

हिरोशिमा शहराच्या मध्यभागी ओता नदीचे दोन फाटे एकमेकांपासून वेगळे होतात. त्यांच्या बेचक्यात जमिनीची एक लांबट जीभ पुढे आलेली आहे. जगभरातून येणारा प्रवासी आज तेथे जातो तो शांतता स्मारक उद्यान पाहण्यासाठी. रुंद फरसबंद वाटा, नीट राखलेली हिरवळ आणि मधोमध एक कमानदार दगडी स्मारक हे सारे इतके निवांत आहे, की ही जागा पूर्वीपासून मोकळीच असावी असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. तेथे नाकाजिमा नावाची व्यापारी पेठ होती. नदीतून होड्यांनी माल येई, घाटावर उतरे आणि पेठेत विकला जाई. कापडाची दुकाने होती, मिठाईची होती, चित्रपटगृहे होती, देवळे होती आणि दुकानामागे किंवा दुकानावर राहणारी माणसे होती. पुढच्या दारी धंदा आणि मागच्या दारी संसार ही रचना आपल्या इचलकरंजीच्या किंवा बार्शीच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता ती पेठ संपली.

व्यवसायाच्या कामानिमित्त गेल्या वैशाखात माझे जपानला जाणे झाले. यंत्रमागाच्या सुट्या भागांविषयीची बोलणी ओसाकाला उरकल्यावर दोन दिवस हाती होते. कोबे शहरात आमचे एक जुने स्नेही मोत्यांचा व्यापार करतात. ते मूळचे पालनपूरकडचे, पण बालपण मुंबईला गेल्यामुळे मराठी अस्खलित बोलतात. कोबेच्या कितानो भागातील टेकडीवर १९८५ साली उभे राहिलेले संगमरवरी जिनमंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याच परिसरात त्यांचे घर आहे. मी हिरोशिमाला जाण्याचा मानस बोलून दाखविला तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भाऊ, या देशात मला चाळीस वर्षे झाली. आगगाडीने सव्वा तासाची वाट. पण मी कधी गेलो नाही."

वेळ मिळाला नसेल, असे मी सहज म्हणालो. त्यावर त्यांनी जे सांगितले ते येथे थोडक्यात देतो, कारण त्यावाचून पुढील दिवसाचा अर्थ लागणार नाही.

त्यांच्या आजोबांचे रंगूनला तांदळाचे दुकान होते. मोगल स्ट्रीट हा तेव्हा भारतीय व्यापाऱ्यांचाच रस्ता म्हणून ओळखला जाई. २३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी रंगूनवर पहिला हल्ला केला आणि दोनच दिवसांनी दुसरा. पहिल्या हल्ल्याच्या वेळी लोक आसऱ्याला जाण्याऐवजी विमाने पाहण्यासाठी रस्त्यांवर उभे होते, त्यामुळे मृत्यूंची संख्या फार मोठी झाली. त्यानंतर ब्रह्मदेशातील भारतीयांचे जे निर्गमन सुरू झाले, त्यात काही लाख माणसे पायी निघाली. आजोबा प्रोमवरून तौंगूपची खिंड ओलांडून आराकानच्या किनाऱ्याला पोहोचले आणि तेथून होडीने चितगावला. वाटेत पटकीने त्यांचा धाकटा भाऊ गेला. दुकान जळाले, वह्या जळाल्या, येणे कोणाकडून किती होते याचा पुरावाही उरला नाही. "आजोबा शेवटपर्यंत 'जपान' हा शब्द तोंडून काढत नसत," आमचे यजमान म्हणाले. "आणि मी येथे येऊन मोती विकतो. आजोबा असते तर त्यांनी मला येऊ दिले नसते. धंदा वेगळा आणि मन वेगळे, असे मी स्वतःला सांगत आलो. पण त्या गावी जाऊन हात जोडणे मला जमेल असे वाटत नव्हते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा ते जोडे घालून दारात उभे होते. वहिनींनी थेपले, छुंदा आणि खाखऱ्याचा डबा बांधून दिला होता, दोघांना पुरेल इतका. जपानमध्ये साध्या भाजीच्या रस्स्यातही माशाचा अर्क असतो, त्यामुळे हा डबा म्हणजे चैन नसून गरज असते.

हिरोशिमा स्थानकाबाहेर ट्राम मिळते. या गावाने आपली ट्राम मोडीत काढली नाही, हे मला विशेष वाटले. १९१२ सालापासून ती धावते आहे. स्फोटानंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे ९ ऑगस्टला, रुळांच्या एका छोट्या टप्प्यावर ती पुन्हा सुरू झाली होती. त्या दिवशीच्या स्फोटात सापडलेले आणि दुरुस्त करून घेतलेले काही डबे, ६५१ आणि ६५२ क्रमांकाचे, आजही वापरात आहेत.

ट्रामने आम्ही 'अणुस्फोट घुमट' या थांब्यावर उतरलो. समोर नदीकाठी ती प्रसिद्ध इमारत दिसते. वरच्या घुमटाचा केवळ लोखंडी सांगाडा, खाली विटांच्या उघड्या भिंती. छायाचित्रांतून ती इतकी ओळखीची झालेली असते की प्रत्यक्ष पाहताना प्रथम काहीच वाटत नाही. मला तरी ती इमारत खरी भासू लागली ती तिचा पूर्वेतिहास वाचल्यावर. यान लेत्झेल या चेक वास्तुशिल्पकाराने १९१५ साली ती बांधली, ती हिरोशिमा प्रांतातील मालाचे प्रदर्शन आणि विक्री व्हावी म्हणून. आपल्या व्यापारी संघांची प्रदर्शने भरतात तसलीच ही वास्तू. स्थानिक कारागिरांनी आपला माल मांडावा, बाहेरच्यांनी पाहावा, मागणी नोंदवावी, यासाठी ती होती.

याच वास्तूत मार्च १९१९ मध्ये एक आगळे प्रदर्शन झाले. पहिल्या महायुद्धात चीनमधील छिंगदाओ येथे जपान्यांच्या हाती सापडलेले जर्मन कैदी हिरोशिमाजवळच्या निनोशिमा बेटावर ठेवलेले होते. त्यांनी केलेल्या वस्तू येथे मांडण्यात आल्या. कार्ल युखहाइम नावाच्या कैद्याने झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असलेला जर्मन केक भाजून विकला, आणि जपानमध्ये तो विकला जाण्याची ती पहिली वेळ. युद्ध संपल्यावर हा गृहस्थ जपानमध्येच राहिला. त्याने पुढे कोबेमध्ये दुकान थाटले, आणि त्या नावाची पेढी आजही तेथे भरभराटीत आहे. त्या केकमध्ये अंडे असल्यामुळे त्याच्या चवीविषयी मी काही सांगू शकत नाही. पण शत्रूच्या कैद्याने आपला माल मांडावा आणि गावाने तो रांग लावून विकत घ्यावा, ही गोष्ट त्या भग्न घुमटाखाली उभे राहून वाचताना फार विचित्र वाटते. ज्या निनोशिमा बेटावर ते कैदी होते त्याच बेटावर १९४५ च्या ऑगस्टमध्ये भाजलेल्या माणसांना हजारोंनी नेण्यात आले, आणि त्यातील बहुतेक तेथेच गेले.

बॉम्ब टाकणाऱ्यांनी नेम धरला होता तो जवळच्या आयोई पुलावर. तो पूल वरून पाहिल्यास इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो, म्हणून. नेम थोडा चुकला आणि स्फोट झाला तो शिमा रुग्णालयाच्या डोक्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर. रुग्णालयाचे प्रमुख त्या दिवशी शस्त्रक्रियेसाठी बाहेरगावी होते म्हणून वाचले. आत असलेले कोणीही वाचले नाही. आज त्याच जागी पुन्हा रुग्णालय आहे, आणि बाहेरच्या अरुंद गल्लीत एक लहानसा फलक. मोटारी उभ्या असतात, शेजारी दुकाने आहेत. जगाच्या इतिहासातील त्या बिंदूवर पाच मिनिटे उभे राहिलो तर एक सायकलवाला घंटी वाजवून बाजूला व्हायला सांगून गेला.

बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होते आणि त्यातील एक किलोपेक्षाही कमी भागाचे विखंडन झाले. तेवढ्याने जमिनीवरील तापमान ३ ते ४ हजार अंशांवर गेले. शहरात त्या दिवशी अंदाजे साडेतीन लाख माणसे होती. वर्षाअखेरीपर्यंत त्यांतील सुमारे १ लाख ४० हजार मरण पावली. हा आकडा दहा हजारांनी अधिकउणा असू शकतो, असे नगरपालिका स्वतःच सांगते. दहा हजार माणसांचा हिशेब लागत नाही, याचे कारण असे की हिशेब सांगणारेही त्यांच्याबरोबरच गेले.

पूल ओलांडून उद्यानात शिरताच डाव्या हाताला एक तीन मजली साधी इमारत लागते. आज तिला विश्रामगृह म्हणतात, आणि प्रवासी तेथे नकाशे व भेटवस्तू घेण्यासाठी जातात. १९२९ साली ती बांधली गेली तेव्हा 'ताइशोया' नावाचे किमोनोच्या कापडाचे दुकान होते. काँक्रीटची इमारत, दर्शनी भागात काच, आत नव्या तऱ्हेची मांडणी, त्या काळच्या पेठेत ही मोठी मिरवण्याची गोष्ट असणार. मग युद्ध लांबले, कापडावर नियंत्रण आले, आणि १९४३ साली दुकान बंद करावे लागले. पुढे इमारत इंधनाच्या वाटपावर नियंत्रण ठेवणाऱ्या संघाकडे गेली. म्हणजे बॉम्ब पडण्याच्या दोन वर्षे आधीच युद्धाने ते दुकान मारलेले होते. कापडधंद्यातील माणसाच्या नजरेतून ही बाब सुटत नाही. नियंत्रण, परवाने, कोटा आणि मग कुलूप हा क्रम आपल्याकडेही त्याच वर्षांत घडत होता. आमच्या वडिलांनी कापडाच्या रेशनिंगच्या गोष्टी सांगताना आवाज खाली आणल्याचे मला आठवते.

त्या सकाळी इमारतीत ३७ कर्मचारी होते. एइझो नोमुरा नावाचे ४७ वर्षांचे गृहस्थ एक कागद आणण्यासाठी तळघरात उतरले होते. स्फोटाच्या बिंदूपासून हे अंतर अवघे १७० मीटर. ते तळघरातून वर आले आणि जगले, ते १९८२ पर्यंत. तळघर आजही तसेच राखलेले आहे. विनंती केल्यास शिरस्त्राण देऊन खाली जाऊ देतात. भिंतींचा गिलावा गळालेला, जमिनीवर ओल, आणि हवा थंडगार. आम्ही दोघे खाली उतरलो. आमचे यजमान जिन्यावरच थांबले व भिंतीला हात लावून उभे राहिले. "कागद आणायला," एवढेच ते म्हणाले.

वरच्या मजल्यावर युद्धापूर्वीच्या नाकाजिमा पेठेची छायाचित्रे आणि माहिती मांडलेली आहे. वाचलेल्या मोजक्या रहिवाशांनी आठवून आठवून ही पेठ पुन्हा कागदावर आणली आहे. कोणाचे दुकान कोठे होते, त्याच्या शेजारी कोण होते, सारे एकापुढे एक. छायाचित्रे घरगुती आहेत : दुकानापुढे उभे असलेले नोकर, नव्या पाटीखाली मालक, सणाच्या दिवशी मुले. येथे आमचे यजमान अर्धा तास रेंगाळले. त्यांना जपानी उत्तम वाचता येते. एकेक नाव ते बोट ठेवून वाचत होते आणि मला सांगत होते, हा भांड्यांचा व्यापारी, हा मिठाईवाला, ही वखार. वाचता वाचता त्यांचा आवाज बदलला, हे मला जाणवले. काही विचारणे मला योग्य वाटले नाही.

२०२२ साली उद्यानात एक लहान वास्तू उघडण्यात आली आहे. तेथे जमीन खणून जुन्या पेठेचा एक तुकडा तसाच उघडा ठेवला आहे. उद्यान बांधताना मातीची भर घालण्यात आली होती, तिच्याखाली हे सारे होते. जळून कोळसा झालेली चटई, फळ्या, घराचा पाया आणि शेजारची गल्ली. माझ्या मते संपूर्ण उद्यानात याहून परिणामकारक असे काही नाही, आणि बहुतेक प्रवासी ते न पाहताच जातात.

वस्तुसंग्रहालयाविषयी फार लिहीत नाही. ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि पाहिले नसेल त्यांनी जाऊनच पाहावे. प्रवेशशुल्क अवघे २०० येन आहे. एवढ्या कमी पैशांत इतके जड ओझे दुसरीकडे मिळत नाही. एका बँकेच्या पायरीवर दार उघडण्याची वाट पाहत बसलेल्या माणसाची सावलीसारखी खूण, जेवण जळून काळे झालेला शाळकरी मुलाचा डबा, एका चार वर्षांच्याही आतल्या मुलाची तीनचाकी सायकल. बापाने ती मुलासह घराच्या आवारात पुरली होती, आणि चाळीस वर्षांनी उकरून संग्रहालयाला दिली. शाळकरी मुलांविषयी एक गोष्ट मला माहीत नव्हती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे करण्याचे काम चालू होते, आणि त्या कामावर बारा-तेरा वर्षांची हजारो मुले जुंपलेली होती. त्यांतील सुमारे ६ हजार त्या दिवसाने नेली. मुलांना तेथे बॉम्ब टाकणाऱ्यांनी नेलेले नव्हते. त्यांना त्यांच्याच सरकारने उन्हात उभे केले होते.

ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, कारण हिरोशिमा हे निरुपद्रवी खेडे नव्हते. १८९४ च्या चीनविरुद्धच्या युद्धात सम्राटाने आपले मुख्यालय येथे हलविले होते. उजिना बंदरातून पलटणी परदेशी रवाना होत असत. अंदमान घेणारे, रंगूनवर बॉम्ब टाकणारे साम्राज्य ते हेच. संग्रहालयात याचा उल्लेख आहे, पण ओझरता. उद्यानातच कोरियन मृतांचे स्मारक आहे. साम्राज्याने मजुरीसाठी आणलेले हजारो कोरियन त्या दिवशी येथे मेले. त्यांचे स्मारक १९७० साली उभे राहिले ते उद्यानाच्या बाहेर, नदीपलीकडे, आणि आत यायला १९९९ साल उजाडावे लागले. मृतांमध्येही आतले आणि बाहेरचे असा भेद एकोणतीस वर्षे टिकू शकतो.

दुपारी आम्ही मुख्य स्मारकापुढे आलो. दगडी कमान प्राचीन जपानी मातीच्या घरांच्या आकृतीवरून घेतलेली आहे, मृतांच्या डोक्यावर छप्पर असावे या भावनेने. उद्यानाची रचना केन्झो तांगे या वास्तुविशारदांची. कमानीतून पाहिले की पलीकडची ज्योत आणि त्यापलीकडे घुमट एका रेषेत दिसतात. कमानीखालच्या दगडी पेटीत मृतांच्या नावांच्या नोंदवह्या आहेत. आजवरची नावे ३ लाख ४० हजारांहून अधिक आहेत, आणि दरवर्षी त्यांत भर पडते, कारण त्या दिवसातून वाचलेले लोक अजून हळूहळू जात आहेत. दरवर्षी मे महिन्यात या वह्या बाहेर काढतात आणि पांढरे हातमोजे घातलेले कर्मचारी पाने उलटून त्यांना वारा देतात. ओल धरू नये, कसर लागू नये, म्हणून. श्रुतपंचमीला आपण भांडारातील ग्रंथ बाहेर काढून झाडतो, पुसतो, नवी वेष्टने घालतो. तिथी जवळपास तीच येते. आपल्या ग्रंथांत ज्ञान असते आणि या वह्यांत केवळ नावे, पण राखण्याची रीत एकच.

दगडावर एक वाक्य कोरलेले आहे. मृतांना शांतपणे विसावण्याची विनंती आणि ती चूक पुन्हा होणार नाही असे वचन, एवढाच त्याचा आशय. ते लिहिले इंग्रजीचे प्राध्यापक तादायोशी सायका यांनी, जे स्वतः त्या स्फोटातून वाचले होते. जपानी भाषेत वाक्याला कर्ता नसला तरी चालते, आणि या वाक्याला तो नाही. चूक कोणाची, पुन्हा न करणारा कोण, हे सांगितलेले नाही. १९५२ साली स्मारकाचे अनावरण झाले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एक भारतीय गृहस्थ येथे आले. ते होते न्यायमूर्ती राधाबिनोद पाल. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरविणारा भिन्न निकाल त्यांनीच दिला होता. वाक्याचा अर्थ समजल्यावर त्यांनी त्यावर कडक आक्षेप घेतला. बॉम्ब जपान्यांनी टाकला नाही, मग चूक कबूल करणारे हे कोण, असा त्यांचा रोख होता. त्यावरून गावात दीर्घकाळ वाद झाला. पुढे महापालिकेने फलक लावून स्पष्ट केले, की येथील कर्ता म्हणजे समस्त मानवजात.

न्यायमूर्तींचा आक्षेप तर्काने बिनतोड आहे हे मान्य करूनही, मला तो वकिली वाटला. क्षमावाणीच्या दिवशी आपण जेव्हा एकमेकांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो तेव्हा समोरच्याने काय केले आणि आपण काय केले याची वजाबाकी आधी करून पाहत नाही. तशी केली तर तो शब्द बहुधा उच्चारलाच जाणार नाही. मी हे यजमानांना बोलून दाखविले. त्यांना ते पटले नाही. "कर्ता पाहिजे, भाऊ," ते म्हणाले. "आजोबांचे दुकान कोणी तरी जाळले. 'जळाले' असे म्हणून भागत नाही. रंगूनवर असा एखादा दगड कोणी उभा केला आहे का? केला असता तर त्यावरही कर्त्याशिवाय वाक्य चालले असते का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी मात्र जोडे काढले, जे तेथे कोणी काढत नाही, आणि हात जोडून उभे राहिले. मागे रांग होती. एक जपानी आजीबाई त्यांच्या जोड्यांकडे पाहून थबकल्या आणि त्यांचे होईपर्यंत तशाच थांबल्या.

उद्यानाच्या उत्तर भागात गवताचा एक गोल उंचवटा आहे. त्याखाली सुमारे ७० हजार माणसांच्या अस्थी आहेत, ज्यांना न्यायला कोणी उरले नाही किंवा ज्यांची ओळख पटली नाही. काहीशे जणांची नावे माहीत आहेत, पण नातेवाईक सापडत नाहीत. त्या नावांची यादी दरवर्षी प्रसिद्ध केली जाते, कोणी तरी येईल या आशेने. येथे गर्दी नसते. गर्दी असते ती मुलांच्या स्मारकापाशी, जेथे रक्ताच्या कर्करोगाने १९५५ साली गेलेल्या सादाको सासाकीच्या आठवणीने शाळांतून कागदी बगळ्यांच्या माळा येतात, वर्षाला सुमारे एक कोटी. तिची कथा आपल्या पाठ्यपुस्तकांतूनही येऊन गेली आहे. आम्ही गेलो तेव्हा गणवेशातील मुलांच्या तीन तुकड्या आपली पाळी येण्याची वाट पाहत होत्या.

नदीकाठाने परतताना गांधीजींचा अर्धपुतळा लागतो. भारत सरकारने दिलेला हा पुतळा मे २०२३ मध्ये बसविण्यात आला. शिल्पकार राम सुतार, म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे सुपुत्र. पुतळ्यामागे नदी आणि पलीकडे तो घुमट. पुतळ्याखालचा मजकूर वाचण्यापेक्षा शिल्पकाराचे गाव आठवून मला अधिक बरे वाटले, हे लपवीत नाही.

आणखी दोन गोष्टींची नोंद करतो. पहिली झाडांची. येथे पंचाहत्तर वर्षे काही उगवणार नाही, अशी वदंता त्या वेळी पसरली होती. पुढच्याच वसंतात जळक्या खोडांना पालवी फुटली. स्फोटातून वाचलेली सुमारे १६० झाडे शहरात आजही जपलेली असून प्रत्येकावर पाटी आहे. एका बौद्ध मंदिराची पुनर्बांधणी करताना मध्ये येणारे गिंकोचे झाड तोडले नाही, तर त्याला मध्ये घेऊन जिना दोन्ही बाजूंनी वळवला. स्थावर जीवाचाही जीव म्हणून विचार करण्याची ज्या घरांत सवय आहे, त्यांना तो जिना पाहून आनंद होईल. दुसरी गोष्ट जपानच्या मध्यवर्ती बँकेच्या शाखेची. १९३६ ची ही दगडी इमारत स्फोटबिंदूपासून ३८० मीटरवर असूनही उभी राहिली. ८ ऑगस्टला, म्हणजे दोनच दिवसांनी, तिने आपले दार उघडले आणि ज्या बँकांच्या इमारती गेल्या होत्या त्यांना आपल्या दालनात जागा दिली. बाहेर प्रेते होती, आणि आत ठेवीदाराचे पैसे परत देण्याचे काम सुरू झाले होते. यावर दोन्ही प्रकारचे मत होऊ शकते. पण ज्याचे घर, माणसे, दुकान सारे गेले त्याला आपली ठेव मात्र जागच्या जागी आहे हे कळणे, याचे मोल व्यापारी माणूस जाणतो. आमचे यजमान त्या दालनात उभे राहून म्हणाले, "आजोबांना चितगावला असे एक दार उघडे मिळाले असते तर!"

मावळतीला वेळ होता. नदीच्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबा उघडला. पाणी भरतीचे होते आणि समुद्राकडून वर चढत होते. पलीकडच्या काठावर घुमटाची सावली लांबत चालली होती. दोन शाळकरी मुली जवळ येऊन इंग्रजीतून ठरावीक प्रश्न विचारून गेल्या, आपण कोठून आलात, शांतता म्हणजे काय वाटते. यजमानांनी जपानीत उत्तर दिले तेव्हा त्या लाजून हसू लागल्या. त्यांनी काय सांगितले ते मी विचारले. "सांगितले, मी तांदळाच्या व्यापाऱ्याचा नातू आहे."

कोबेच्या गाडीत बसल्यावर बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. ओकायामा गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पेन मागितले. उद्यानाच्या छापील नकाशाची मागची बाजू कोरी होती. तीवर त्यांनी दोन समांतर रेघा ओढल्या आणि वर गुजरातीत लिहिले, मोगल स्ट्रीट. मग आजोबांकडून ऐकलेले आठवून, डाव्या हाताला आधी एक चौकोन काढला, त्यात सराफाचे नाव. त्याच्या शेजारी विड्याच्या पानांचा व्यापारी. तिसऱ्या चौकोनाशी ते थांबले, आणि मुंबईला आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावून विचारू लागले, की सुरती बाजाराच्या बाजूने आले तर आपले दुकान कापडवाल्याच्या अलीकडे होते की पलीकडे.